कोंबडं कोणी झाकलंय?

मे 2024 मध्ये पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधल्या विद्यार्थ्यांच्या 16 मिनिटांच्या एका कन्नड लघुपटाला कान महोत्सवातल्या ‘ला सिनेफ’ या विद्यार्थी विभागात पहिलं बक्षीस मिळालं. ‘सनफ्लॉवर्स वेअर द फर्स्ट वन्स टु नो’ हे त्याचं नाव, आणि चिदानंद एस. नाईक दिग्दर्शक. पेपरात फोटो आले, अभिनंदनाचे निरोप गेले. आणि विद्यार्थ्यांच्या एखाद्या फिल्मचं कौतुक झालं की आपल्याकडे जो सूर हमखास लागतो, तो लागला. चहाच्या टपरीपासून चर्चासत्राच्या व्यासपीठापर्यंत तो मी इतक्या वेळा ऐकलाय की त्याचे तीनही अंतरे मला पाठ आहेत. पहिला : करदात्यांच्या पैशांवर ही मुलं जे सिनेमे करतात ते पाहतो कोण? दुसरा : हे सगळं परदेशी महोत्सवांच्या परीक्षकांसाठी केलेलं असतं, आपल्या माणसाला त्यातलं काही कळत नाही. तिसरा : चार दिवसांत सोळा मिनिटांची फिल्म होत असेल तर ती खिशातल्या मोबाइलवरही होईल, त्यासाठी लॉ कॉलेज रोडवर एवढी मोठी संस्था कशाला पोसायची?

पैशांचा मुद्दा यातला सगळ्यात वजनदार, म्हणून तो शेवटी घेतो. परदेशी परीक्षकांचा सगळ्यात हलका, तो आधी उरकून टाकू.

या लघुपटाची गोष्ट एवढीच की गावातली एक म्हातारी कोंबडा चोरते आणि गावात उजाडायचंच थांबतं. कोंबडा परत यावा म्हणून म्हातारीच्या घरच्यांना गावाबाहेर काढलं जातं. कर्नाटकातल्या लोककथेवर बेतलेली ही गोष्ट. कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही, ही म्हण ज्या मुलखात सगळ्यांना पाठ आहे तिथल्या माणसाला ही गोष्ट कळणार नाही, आणि फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या परीक्षकाला मात्र कळेल, असं म्हणणारा माणूस एक तर स्वतःच्या आजीला विसरलाय किंवा त्याने लघुपट पाहिलेलाच नाही. दुसरी शक्यता जास्त. आपल्या म्हणीच्या बरोब्बर उलट टोकाला उभी असलेली ही गोष्ट आहे, आणि म्हणूनच मराठी प्रेक्षकाला तिच्यात कदाचित इतरांपेक्षा जास्त गंमत वाटेल.

शिवाय परदेशी कौतुकाची ही ॲलर्जी आपल्याला हवी तेव्हाच होते. ‘प्रभात’ फिल्म कंपनीचा ‘संत तुकाराम’ 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गेला, तिथे त्याची दखल घेतली गेली, याचा अभिमान आपण आजही शाळेच्या भाषणांत बाळगतो. दामले-फत्तेलालांनी तो इटलीतल्या लोकांसाठी केला होता, असं कोणी म्हणत नाही. मुंबईत तो एकाच चित्रपटगृहात वर्षाहून जास्त चालला. म्हणजे एकच चित्रपट दोन्ही ठिकाणी आवडू शकतो. हे 1937 मध्ये पटत होतं आणि 2024 मध्ये पटत नसेल तर दोष कुठे शोधायचा ते ज्याचं त्याने ठरवावं. या मुद्द्यावर याहून जास्त शाई खर्च करावी असं मला वाटत नाही.

आता मोबाइलवाले. हा आक्षेप वरवर फार आधुनिक वाटतो. कॅमेरा स्वस्त झाला, एडिटिंगचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं, शिकवणाऱ्या व्हिडिओंचा पाऊस पडतोय, मग संस्था कशाला? यातली एकही गोष्ट खोटी नाही. फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष खोटा आहे.

ज्या लघुपटावरून हा वाद पेटवला जातो तोच उदाहरणादाखल घ्या. इन्स्टिट्यूटच्या टीव्ही विभागातल्या एक वर्षाच्या अभ्यासक्रमाच्या शेवटी करायचं ते एक प्रॅक्टिकल होतं. दिग्दर्शन, छायाचित्रण, संकलन आणि ध्वनी या चार शाखांतले विद्यार्थी एकत्र येऊन ते करतात. दिवस मोजके, साधनं मोजकी. अशा वेळी शहाणा विद्यार्थी काय करेल? एका खोलीत, दिवसाउजेडी, दोन माणसांचं बोलणं घेऊन मोकळा होईल. मार्क पडतील, कोणी रागावणार नाही. या चौघांनी निवडली ती गोष्ट अशी, की तिच्यात सूर्यच नाही. म्हणजे सगळं शूटिंग रात्रीचं.

ज्याने कधी रात्री शेतात कॅमेरा लावलाय त्याला यातली मेख कळेल. सिनेमात अंधार दाखवायला उजेड लागतो. नुसता अंधार शूट केला तर पडद्यावर काळा चिखल दिसतो. ढिगाने दिवे लावले तर गणपतीच्या मांडवासारखं दिसतं. चंद्राचा उजेड म्हणून जो दिवा लावायचा तो इतका लांब आणि इतक्या उंचीवर हवा की माणसांच्या दोन-दोन सावल्या पडू नयेत. कंदील हातात घेऊन चालणारी बाई चार पावलं पुढे आली की तिच्या चेहऱ्यावरचा उजेड बदलतो, आणि तो बदल पुढच्या शॉटमध्ये जुळायला हवा. हे सगळं माहीत असलेला मुलगा रात्रीची गोष्ट निवडताना घाबरतो. माहीत नसलेला मुलगा घाबरत नाही आणि तोंडघशी पडतो. माहीत असूनही जो ती निवडतो, त्याला कोणीतरी वर्षभर काहीतरी शिकवलेलं असतं, चुका करू दिलेल्या असतात, आणि त्याच्या शेजारी तितकंच शिकलेले आणखी तिघं उभे असतात. फोनमध्ये कॅमेरा येतो, हे तिघं येत नाहीत.

ध्वनीचं घ्या. कुठल्याही नीट चाललेल्या सेटवर शॉट संपल्यावर ध्वनी विभागातला विद्यार्थी हात वर करून सगळ्यांना गप्प करतो आणि अर्धा-एक मिनीट काहीच न घडता रेकॉर्डिंग करतो. त्याला ‘रूम टोन’ म्हणतात. प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते. पंखा बंद असलेल्या खोलीची वेगळी, विहिरीजवळच्या अंगणाची वेगळी. पुढे संकलनाच्या टेबलावर दोन शॉट जोडताना मधे जी फट पडते ती या शांततेने बुजवतात. प्रेक्षकाला ती कधी ऐकू येत नाही. नसली तर मात्र काहीतरी खटकतं आणि काय खटकतंय ते सांगता येत नाही. मोबाइलवर केलेले शेकडो लघुपट आपल्याकडच्या स्पर्धांत मी पाहिले असतील. चित्र अनेकदा सुरेख असतं. आवाज बहुधा प्रत्येक कटला उडी मारतो, मग ती उडी लपवायला वर बासरीचं संगीत ओतलेलं असतं. या मुलांच्यात बुद्धी कमी नाही. त्यांना गप्प उभं राहायला सांगणारं कोणी भेटलेलं नाही, इतकंच.

‘जुने दिग्गज कुठल्या संस्थेत शिकले होते?’ हा प्रश्न इथे विजयी मुद्रेने टाकला जातो. उत्तर कोल्हापुरात आहे. दामले, फत्तेलाल, व्ही. शांताराम ही मंडळी बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत घडली. तिथे पडेल ते काम करावं लागे. पडदे रंगवायचे, सेट उभारायचे, फिल्म धुवायची, वेळ आली तर तोंडाला रंग लावायचा. तिथून 1929 मध्ये बाहेर पडून त्यांनी ‘प्रभात’ काढली, 1933 मध्ये ती पुण्याला आली. महाराष्ट्र फिल्म कंपनी ही शाळाच होती, फक्त तिच्या दारावर शाळा अशी पाटी नव्हती. शिकाऊ माणसाच्या चुकांचा खर्च कंपनी सोसत होती. पुढे स्टुडिओंची ती पद्धत मोडली, ‘प्रभात’ बंद पडली, आणि 1960 मध्ये तिच्याच जागेवर सरकारने फिल्म इन्स्टिट्यूट सुरू केली. 1974 मध्ये तिच्यात टेलिव्हिजन आलं आणि आजचं नाव मिळालं. म्हणजे शिकण्याचा खर्च पूर्वी मालक उचलत होता, मालक संपल्यावर तो सरकारने उचलला. तो कोणीच उचलू नये असं ज्यांना वाटतं त्यांनी तसं स्पष्ट म्हणावं. दामल्यांचं नाव पुढे करू नये.

आणि ही फक्त पुण्यातल्या एका आवाराची गोष्ट नाही. नागराज मंजुळे नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात संज्ञापनाचा अभ्यासक्रम करत असताना त्यांनी ‘पिस्तुल्या’ केला. शाळेत जायची ओढ असलेल्या पारधी समाजातल्या एका पोराची ती गोष्ट. तिला पहिल्या कथाबाह्य चित्रपटासाठीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यात काम करणारा सूरज पवार पुढे ‘सैराट’मध्ये प्रिन्स म्हणून सगळ्या महाराष्ट्राच्या डोक्यात गेला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कॉलेजात अभ्यासाचा भाग म्हणून फिल्म करायला लागते, ती करायला वेळ आणि निमित्त मिळतं, यातून हे घडलं. त्या काळीही कॅमेरे भाड्याने मिळतच होते. निमित्त मिळत नव्हतं.

कान महोत्सवाच्या त्याच विभागासाठी 2024 मध्ये जगभरातल्या 555 फिल्म-शाळांमधून 2,263 फिल्म्स आल्या होत्या. निवडल्या गेल्या 18. मोबाइल त्या सगळ्या देशांत पोचलाय. शाळा त्यांनी बंद केलेल्या नाहीत.

इथे थोडं थांबून आपल्याच बाजूच्या लोकांशीही भांडलं पाहिजे, कारण विद्यार्थी लघुपटांचे चाहते त्यांचा बचाव ज्या पद्धतीने करतात ती मला विरोधकांच्या टीकेहून घातक वाटते. चाहते म्हणतात : अहो, पायल कपाडियाचं बघा! विद्यार्थिनी असताना तिने ‘आफ्टरनून क्लाउड्स’ हा 13 मिनिटांचा लघुपट केला, 2017 मध्ये तो कानच्या विद्यार्थी विभागात गेला, आणि 2024 मध्ये तिच्या ‘ऑल वी इमॅजिन ॲज लाइट’ला मुख्य स्पर्धेत ग्रां प्री मिळालं. उमेश कुलकर्णींचं बघा! संस्थेत केलेल्या ‘गिरणी’ला राष्ट्रीय पुरस्कार, मग ‘वळू’, मग ‘देऊळ’. तेव्हा हे पैसे वाया जात नाहीत, नंतर वसूल होतात.

हा युक्तिवाद टाळ्या मिळवतो आणि वाद हरतो. कारण मग विरोधक विचारणारच, की बाकीच्यांचं काय? ज्यांनी पुढे काहीच केलं नाही, मालिकांच्या संकलनात नोकरी धरली, गावी परत गेले, त्यांच्या लघुपटांचे पैसे परत करा. वसुलीच्या भाषेत बोललं की वसुली अधिकारी दारात येतो. ‘आफ्टरनून क्लाउड्स’मध्ये एका फ्लॅटमध्ये साठीतली एक विधवा आणि तिच्याकडे काम करणारी नेपाळी मुलगी यांची एक दुपार आहे. ती दुपार नीट दिसते की नाही, हा तिच्याविषयीचा प्रश्न. सात वर्षांनी दिग्दर्शिकेला काय मिळालं हा तिच्याविषयीचा प्रश्नच नाही. ‘गिरणी’त विधवा आई पीठ दळायची गिरणी घरात आणते, छोट्या घरात तिचा आवाज मावेनासा होतो, आणि शाळकरी मुलाचं जगणं त्या आवाजाखाली दबत जातं. ‘देऊळ’ कधी झालाच नसता तरी तो आवाज तसाच ऐकू आला असता.

आता पैशांकडे येऊ. इन्स्टिट्यूट केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाच्या अखत्यारीतली स्वायत्त संस्था आहे. विद्यार्थ्यांच्या फिल्मवर निर्माता म्हणून नाव लागतं ते संस्थेचं, म्हणजे फिरून तुमचं-माझं. तेव्हा हिशेब मागायचा हक्क आहेच. प्रश्न हा की कोणता हिशेब.

राहुरीच्या कृषी विद्यापीठात प्रयोगाचे प्लॉट असतात. त्यातल्या कुठल्या वाफ्यातून किती क्विंटल माल मार्केट यार्डात गेला, असं कोणी विचारत नाही. कोणतं वाण टिकलं आणि कोणतं रोगाला बळी पडलं ते विचारतात. बळी पडलेल्या वाणाचीही नोंद राहते, कारण तीही पैसे मोजूनच मिळालेली माहिती असते. विद्यार्थ्याची फिल्म अशाच वाफ्यातली आहे. ती फसण्याची मुभा हाच तिच्यावरच्या खर्चाचा उद्देश. बाहेरच्या बाजारात फसण्याची मुभा कोणालाच नसते. तिथे एक सिनेमा पडला की दिग्दर्शकाला फोन यायचे थांबतात. म्हणून फसायचं ते शिकताना.

आणि फसतात, भरपूर फसतात. ते मी लपवणार नाही. खिडकीवरून ओघळणारा पाऊस, छताला फिरणारा पंखा, सिगारेट ओढत भिंतीकडे बघणारा दाढीवाला तरुण, आणि शेवटी रेल्वेचा रूळ. हा ऐवज असलेल्या विद्यार्थी फिल्म्स सलग पाहायची वेळ शत्रूवरही येऊ नये. त्याच्याच दुसऱ्या टोकाला आपल्या कॉलेजांमधल्या स्पर्धा असतात. तिथे पडद्यावर शेवटी काळ्या पाटीवर पांढऱ्या अक्षरांत पाणी वाचवा, मुलगी वाचवा असं काहीतरी आल्याशिवाय बक्षीस मिळत नाही, आणि परीक्षक ‘यातून संदेश काय?’ हे विचारायला विसरत नाहीत. दाढीवाल्याची फिल्म निदान स्वतःच्या मताने फसते. संदेशवाली फिल्म परीक्षकाच्या मताने यशस्वी होते, आणि तिच्यातून करणाऱ्याला काडीचंही शिकायला मिळत नाही. या दोन्हींत खर्च वाया गेला असेल तर तो दुसरीवर.

वेळेचा आक्षेपही पैशांच्याच पोटातला. तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला सात-सात वर्षं लागतात, ही मुलं वसतिगृहं अडवून बसतात, वगैरे. 2015 मध्ये याचं टोक गाठलं गेलं. संस्थेच्या अध्यक्षपदी गजेंद्र चौहान यांची नेमणूक झाली म्हणून जूनमध्ये विद्यार्थ्यांनी संप केला, तो 139 दिवस चालला. मधेच ऑगस्टमध्ये प्रशासनाने ठरवलं की 2008 च्या तुकडीच्या अपुऱ्या पदविका-फिल्म्स आहेत त्या अवस्थेत तपासून टाकायच्या. ‘जसं आहे, जिथे आहे’, बँकेच्या लिलावाच्या जाहिरातीत असतं तसं. विद्यार्थ्यांनी संचालकांना घेराव घातला, आणि मध्यरात्री पोलीस आवारात येऊन पाच जणांना घेऊन गेले. घेराव घालणं बरोबर होतं असं मी म्हणत नाही. पण अर्धवट संकलन झालेली, ध्वनी न बसवलेली फिल्म तपासणं म्हणजे काय तपासणं, याचं उत्तर त्या प्रशासनाकडे नव्हतं. विलंबाचा राग मला समजतो. अभ्यासक्रम वेळेत संपलाच पाहिजे. मात्र वेळापत्रक, शिक्षक, स्टुडिओच्या तारखा हे सगळं ज्याच्या हातात असतं त्याने विलंबाचा सगळा बोजा सगळ्यात तरुण माणसाच्या डोक्यावर टाकायचा, हा हिशेब नव्हे. त्या आंदोलनातल्या विद्यार्थ्यांवर दाखल झालेला खटला 2024 मध्ये, ग्रां प्रीबद्दल पायल कपाडियांचं सरकारी पातळीवर अभिनंदन होत असतानाही, पुण्याच्या न्यायालयात चालूच होता. आरोपींच्या यादीत त्यांचंही नाव होतं. असो.

मग आक्षेपकांच्या हाती काय उरतं? एक प्रश्न उरतो, आणि तो खरा आहे : पाहतो कोण? त्यांनी तो टोमणा म्हणून विचारला, मी तो तक्रार म्हणून विचारतो. आपण पैसे दिलेली ही चित्रं आपल्याला दिसत का नाहीत? फार थोड्या फिल्म्स इकडेतिकडे पाहायला मिळतात. बाकीच्या एखाद्या महोत्सवात, दुपारच्या खेळाला, ओळखीच्या चाळीस माणसांसमोर दाखवल्या जातात आणि कपाटात जातात. हे कोंबडं विद्यार्थ्यांनी झाकलेलं नाही. फिल्म बाहेर दाखवायची परवानगी त्यांच्या हातात नसते, ती निर्मात्याकडे असते.

एके काळी या देशात मुख्य चित्रपटाआधी फिल्म्स डिव्हिजनचं समाचार चित्र किंवा माहितीपट दाखवावाच लागे. आपण ते बघायचो, काही कंटाळवाणे होते, काही अप्रतिम होते. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात तशी सक्ती करायची तरतूद आहे. तेवढं जुनं काही करा असं माझं म्हणणं नाही. दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर आठवड्यातून अर्धा तास, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी द्यावा. पुण्याच्या, कोलकात्याच्या संस्थांतल्या, आणि नगर-कोल्हापूर-नांदेडच्या कॉलेजांतल्या मुलांच्या फिल्म्स तिथे दाखवाव्यात, कन्नड असतील तर खाली मराठी ओळी द्याव्यात, फसलेल्याही दाखवाव्यात. मग ज्यांना शिव्या द्यायच्यात त्यांनी पाहून द्याव्यात. यासाठी नवा कायदा लागत नाही, नवा स्टुडिओ लागत नाही. लघुपटांची निर्माती असलेली इन्स्टिट्यूट आणि दूरदर्शन, दोन्ही एकाच मंत्रालयाच्या छत्राखाली आहेत.